भूप तोच, ऐकणारा वेगळा

रामनवमीच्या आसपासची संध्याकाळ. यवतमाळ घ्या, दारव्हा घ्या, पुसद नाहीतर वणी घ्या. कुठल्यातरी मंदिराच्या मंडपात गीतरामायण सुरू असतं आणि मागच्या सतरंजीवर बसलेली माणसं गायकाच्या आधी पुढचे शब्द पुटपुटत असतात. त्यांतल्याच एखाद्याच्या कानावर दोन दिवसांनी चहाच्या टपरीवरच्या रेडिओतून यमन रागातला ख्याल पडतो. त्यानं गाणं शिकलेलं नसतं, रागाचं नाव त्याला सांगता येत नाही. बंदिशीचे शब्द हिंदी, लय संथ, ताल वेगळा. तरी कप हातात तसाच धरून तो म्हणतो, "हे तं आपल्या रामायणातल्या त्या गाण्यावानी वाटते."

त्याचं म्हणणं बरोबर असतं. राम भरताची समजूत घालतो ते गीत सुधीर फडक्यांनी यमन कल्याणच्या सुरांत बांधलं आहे. शब्द, ताल, गती, आवाज यांतलं काहीही जुळत नसताना या माणसाच्या कानाला नेमकं काय जुळलेलं दिसलं? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ते सूर ऐकून त्याचा गळा दाटतो, आणि शेजारी बसलेला पुतण्या मात्र मोबाइलमधून मानही वर करत नाही. आवाज तर दोघांच्या कानांवर एकच पडतो.

गीतरामायणाचं उदाहरण यवतमाळकरांसाठी मुद्दाम घेतलं. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, त्याची सुरुवात झाली आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं प्रसारित झाली. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. विदर्भातल्या अनेक घरांत शास्त्रीय संगीत बैठकीच्या गाद्यांवरून शिरलंच नाही. ते गीतरामायण, नाट्यगीतं, भजनी मंडळं आणि रेडिओ यांच्या मागच्या दारानं आलं. माझ्या मते हे दार जास्त रुंद होतं.

तंबोरा काय देतो?

कोडं सोडवायचं तर गायकाच्या मागे वाजणाऱ्या तंबोऱ्यापासून सुरुवात करावी लागते. बहुतेकांना ती नुसती पार्श्वभूमी वाटते. पण तंबोऱ्याच्या चार तारांत निम्मं गाणं आधीच तयार असतं.

तार छेडली की ती फक्त पूर्ण लांबीनं हलत नाही. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार आणि पाच भागांतही हलत असते, आणि प्रत्येक भागाचा स्वतःचा बारीक सूर असतो. असे सूर मूळ सुरात मिसळलेले असतात. त्यांना उपस्वर म्हणतात. हिशेब सोपा आहे. मध्य षड्जाची, म्हणजे मधल्या 'सा'ची, कंपनं सेकंदाला २४० धरली, तर तंबोऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांची असते. तिचा तिसरा उपस्वर ३६० कंपनांचा, म्हणजे पंचम. पाचवा ६०० कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. गंधाराची तार तंबोऱ्याला नसते, तरी चांगला जुळलेला तंबोरा वाजू लागला की गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

हे बारीक उपस्वर ठळक व्हावेत म्हणून घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. त्यानं तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला हलकेच घासत राहते आणि आवाजाला झणकार येतो. ही जवारी. ती नीट काढणं हे कसबाचं काम आहे, आणि मिरजेच्या ज्या कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

आता भूप आणि यमन या दोन रागांत गंधाराला सर्वांत जास्त महत्त्व आहे. गायक गंधारावर थांबतो तेव्हा तंबोरा आधीपासून तोच सूर धरून असतो. दोन आवाज एकमेकांत विरघळतात आणि ऐकणाऱ्याला, काहीही माहीत नसताना, निवांत वाटतं. ही शांतता भावनेची खरी, पण तिचा पाया तारेच्या कंपनांत आहे.

पाच स्वर, दोन राग

मग राग म्हणजे काय? शाळेत सांगतात, आरोह-अवरोह. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसलेली मुलं ते धडाधडा म्हणून दाखवतात. उत्तर चुकीचं नाही, पण त्यानं टपरीवरच्या माणसाचं कोडं सुटत नाही.

भूप आणि देसकार हे दोन राग बघा. दोघांत सा, रे, ग, प, ध (षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत) हेच पाच स्वर, सगळे शुद्ध. आरोह-अवरोह कागदावर लिहिला तर जवळजवळ सारखाच. तरी भूप संध्याकाळ सरताना गातात, देसकार सकाळी. आणि भूप गाताना देसकार दिसला तर जाणकार श्रोता अस्वस्थ होतो.

शेताच्या धुऱ्यावरून लांबून कुणी येत असेल तर चेहरा दिसण्याआधीच घरचे ओळखतात, हा मामा की शेजारचा पाटील. दोघांना दोन पाय, दोन हात, अंगावर तेच धोतर. पण मामा पाय कुठे रेटून टाकतो, कुठे रेंगाळतो, खांदा कुठल्या बाजूला झुकवतो, हे डोळ्यांत बसलेलं असतं. रागाची ओळख अशीच पटते. भूप गंधारावर वजन टाकतो, खालच्या आणि मधल्या भागात रमतो, धैवतावरून पंचमाला स्पर्श करून पुन्हा गंधाराकडे येतो. देसकार धैवतावर उभा राहतो, वरच्या षड्जाकडे बघत असतो, आणि रिषभावरून घाईनं निघून जातो. ज्या स्वरावर राग असा वजन टाकतो त्याला वादी म्हणतात, त्याच्या जोडीदाराला संवादी. भूपाचा वादी गंधार आणि संवादी धैवत. देसकाराचं बरोबर उलट.

वजन म्हणजे नेमकं काय, हे मोजताही येतं. १९८४ साली कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल या तीन संशोधकांनी भारतीय आणि पाश्चात्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांतल्या धुना ऐकवल्या आणि प्रत्येक धुनेनंतर एकेक स्वर वाजवून विचारलं, हा इथे किती शोभतो? ज्या पाश्चात्य श्रोत्यांना राग हा प्रकारच ठाऊक नव्हता, त्यांची उत्तरंसुद्धा एका गोष्टीशी जुळली: धुनेत जो स्वर एकूण जास्त वेळ वाजला होता, तो त्यांना जास्त शोभणारा वाटला. कान आपोआप हिशेब ठेवत होता. मात्र वाजलेल्या स्वरांच्या पलीकडे, त्या रागामागचा थाट, म्हणजे त्याचा मूळ स्वरसाचा, भारतीय श्रोत्यांच्याच उत्तरांत दिसला.

म्हणजे टपरीवरच्या माणसाला जे जुळलं ते शब्द-ताल नव्हतं. यमनाचं वजन कुठे पडतं आणि तो कुठून वळतो हे त्याला पाठ होतं, आणि पाठ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

चौकट : फक्त काळ्या पट्ट्या

घरी, शाळेत किंवा भजनी मंडळाकडे पेटी असेल तर हा प्रयोग करा. मोबाइलवरचा कीबोर्डही चालेल. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या विसरा. काळ्या पट्ट्या दोनाच्या जोडीपासून डावीकडून उजवीकडे एक ते पाच अशा मोजा.

काळी तीन हा सा धरून फक्त काळ्या पट्ट्या चढत-उतरत वाजवा: भूपाचे स्वर मिळतात.
काळी एक सा धरा: दुर्गा.
काळी दोन सा धरा: धानी.
काळी चार सा धरा: मेघ किंवा मधमाद सारंग.
काळी पाच सा धरा: मालकंस.

सा धरायचा म्हणजे तोच स्वर मागे सतत वाजत ठेवायचा, आणि फिरून फिरून त्यावर यायचं. पट्ट्या पाचच्या पाच त्याच राहतात. घर बदललं की बाकीच्यांची नाती बदलतात. पण हे झाले स्वर. राग व्हायला वजन आणि वळणं हवीत, म्हणून भूपाच्या पट्ट्यांवर आधी गंधारावर (काळी पाच) थांबत वाजवा, मग धैवतावर (काळी दोन) थांबत. दुसऱ्या वेळी देसकाराची सावली जाणवू लागते.

न शिकता शिकलेला कान

शिकवलं कुणी मग? कुणीच नाही, असं म्हणावं लागेल. १९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची एक सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कुठल्या अक्षरानंतर कुठलं येतं याचा पॅटर्न बाळांनी तेवढ्यात पकडला. तीन वर्षांनी त्याच गटानं अक्षरांऐवजी सूर वापरले, तिथेही तेच. कशानंतर काय येतं हे नोंदवत राहणं ही मेंदूची सवयच आहे. त्यासाठी लक्ष देऊन बसावंही लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर काय काय पडत होतं ते आठवून पाहा. पहाटे काकड्याची भजनं. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेतली तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची पदं. गणपतीत नाट्यगीतं. आणि रेडिओ. आकाशवाणीचं नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताला त्यांनी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं आणि त्याच वर्षी शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला. लोक वैतागले, सिनेमाच्या गाण्यांसाठी रेडिओ सिलोन लावू लागले, आणि अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. केसकरांचा हट्ट मला आजही अतिरेकी वाटतो. पण त्याचा एक न ठरवलेला परिणाम झाला: ज्यांना बैठकीचं निमंत्रण कधी मिळालं नसतं अशा घरांत ख्याल वाजत राहिला, स्वयंपाक करताना, सरकी निवडताना, अभ्यास करताना. पुढे विविध भारतीच्या 'संगीत सरिता'नं तर सिनेमाच्या गाण्याचाच हात धरून रागापर्यंत नेलं.

पुन्हापुन्हा कानावर पडलेली गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. शब्दांवर, चित्रांवर, चेहऱ्यांवर ते खरं ठरलं. सुरांच्या बाबतीत तर आजीला कुठला प्रयोग दाखवायची गरज नव्हती.

अंगावर काटा येतो तेव्हा

ओळख एक, आवड दुसरी, आणि अंगावर काटा तिसरी गोष्ट. तिसरीचा तपास माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झाला. व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली काही लोकांना त्यांची अत्यंत आवडती, हमखास काटा आणणारी वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रणं घेऊन बोलावलं आणि ऐकताना त्यांच्या मेंदूची चित्रं काढली. जेवताना किंवा बक्षीस मिळताना मेंदूत जे डोपामिन नावाचं रसायन सुटतं, तेच इथेही सुटत होतं. गंमत अशी की ते दोन वेगवेगळ्या जागी, दोन वेळा सुटलं. काटा येण्याच्या क्षणी एका जागी; पण त्याच्या काही सेकंद आधी, आता ती जागा येणार या चाहुलीनं, दुसऱ्या जागी.

वाट पाहण्याचं हे सुख आपल्या संगीताला फार जुनं ठाऊक आहे. विलंबित ख्याल म्हणजे बराचसा समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहणं. गायक आलाप भलतीकडे नेतो, तबल्याच्या मात्रा संपत येतात, आता गाठतो की चुकतो असं होतं, आणि मुखडा बरोबर समेवर येऊन पडतो. श्रोत्यांच्या माना एकदम हलतात. किशोरी आमोणकरांची 'सहेला रे' ही भूपातली बंदिश ऐकताना असाच खेळ स्वरांच्या पातळीवर चालतो: गंधार येणार हे माहीत असतं, त्या तो लांबवत राहतात, आणि आला की इतक्या हळुवारपणे येतो की आधीची सगळी वाट पाहणं सार्थकी लागतं. ज्याला गंधाराची अपेक्षाच नाही त्याला यात काहीच घडलेलं दिसत नाही. पुतण्या मान वर करत नाही तो म्हणून. त्याच्या कानात दोष नाही, भावनेत तर नाहीच. त्याच्यापाशी वाट पाहायला लागणारी ओळख नाही.

त्या संशोधनाचा एक बारकावा मला निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुलनेसाठी प्रत्येकाला काही 'साधं', काटा न आणणारं संगीतही ऐकवायचं होतं. ते आणलं कुठून? बाकीच्या लोकांच्या आवडत्या गाण्यांतून. एकाच्या अंगावर काटा आणणारा तुकडा दुसऱ्यासाठी सपाट होता.

मूर्तिजापूरचा मारवा

मग सगळं सवयीवरच आहे का? तसंही नाही, आणि इथे वसंतराव देशपांड्यांचा मारवा मदतीला येतो.

वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. यवतमाळकरांना मूर्तिजापूर परकं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी टाकलेली अरुंद रुळांची शकुंतला तिथूनच निघून दारव्ह्यावरून यवतमाळला येत असे. लहानपणीच वसंतराव आईबरोबर नागपूरला गेले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून त्यांनी मारव्याची तालीम घेतली, आणि मारवा त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. गीतरामायणाच्या मूळ गायकांतही ते होते.

मारवा पहिल्यांदाच ऐकणाऱ्यालाही बेचैन करतो. कारण कंपनांत सापडतं. या रागात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पंचमाची तार निषादावर किंवा धैवतावर लावतात. नेहमीचा आधार तिथेच गेला. मग वजन पडतं ते कोमल रिषभावर. षड्ज २४० कंपनांचा तर कोमल रिषभ सुमारे २५६ चा. दोघांत १६ कंपनांचा फरक. इतके जवळचे दोन सूर एकत्र वाजले की ते मिसळत नाहीत, कानात खरखर उठते. त्यात मारव्याची रीत अशी की षड्ज शक्यतो टाळायचा, त्याच्या आसपास घोटाळायचं, आणि तिथे टेकायचं ते क्षणभर. ऐकणारा घरी पोचतच नाही. पूरिया आणि सोहनी या रागांत हेच सहा स्वर आहेत, पण पूरिया खाली गंधार-निषादात स्थिरावतो, सोहनी वरच्या षड्जाभोवती चमकत राहते. मारव्याची तगमग दोघांनाही येत नाही.

ध्वनीतच असलेला हा भाग परक्यालाही कळतो का, हे १९९९ साली लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी तपासलं. हिंदुस्थानी संगीताची ओळख नसलेल्या पाश्चात्य श्रोत्यांना त्यांनी आनंद, दुःख, क्रोध आणि शांती व्यक्त करण्यासाठी वाजवलेले राग ऐकवले. पहिल्या तीन भावना श्रोत्यांनी बऱ्यापैकी ओळखल्या. गती आणि सुरावटीची गुंतागुंत यांवरून अंदाज बांधला. शांती मात्र नीट ओळखता आली नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. आनंद गतीत दिसतो, पण शांती कळायला कदाचित त्या संगीताच्या घरात थोडं राहावं लागत असेल.

थोडक्यात, राग आपल्यावर दोन थरांत काम करतो. एक थर तारेच्या आणि कानाच्या स्वभावाचा, तो सगळ्यांना सारखा मिळतो. दुसरा थर आपण कुणाच्या शेजारी बसून, कुठल्या वेळी, किती वेळा ऐकलं याचा.

सकाळचा राग सकाळीच का?

वेळेचं गणित या दुसऱ्या थरातलं आहे. संगीतशास्त्री भातखंड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रागांची जी मांडणी केली तिच्यात एक ढोबळ नियम आहे: वादी स्वर सप्तकाच्या पहिल्या अर्ध्यात असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बाराच्या दरम्यानचा, दुसऱ्या अर्ध्यात असेल तर मध्यरात्र ते दुपार. भूपाचा वादी गंधार, म्हणून संध्याकाळ. देसकाराचा धैवत, म्हणून सकाळ. नियमाला अपवाद बरेच आहेत. दक्षिणेतल्या कर्नाटक संगीतात आज वेळेचं बंधन एवढं पाळत नाहीत, आणि तिथल्या रागांचं काही बिघडलेलं नाही. म्हणजे वेळ सुरांत कोरलेली नसावी.

पण ज्यानं चाळीस वर्षं भैरव फक्त सकाळीच, चुलीच्या धुरात आणि रेडिओच्या खरखरीत ऐकला, त्याला तो रात्री ऐकवून पाहा. त्याला चुकल्यासारखं होतं. आकाशवाणीनं सकाळचे राग सकाळी लावून ही गाठ लाखो घरांत घट्ट केली. आता मोबाइलवर कुठलाही राग कधीही लागतो. त्यामुळे पुढच्या पिढीत ही गाठ सैल होईल. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. तिच्या गाठी वेगळ्या असतील, एसटीच्या खिडकीशी, वसतिगृहातल्या हेडफोनशी.

आईबापांच्या तरुणपणाची गाणी

गाणं ऐकताच एखादा काळच डोळ्यांपुढे उभा राहतो, हे सगळ्यांच्या अनुभवाचं. कॅलिफोर्नियातल्या पीटर जनाटा यांनी २००९ साली तरुणांना त्यांच्या शाळकरी वयातली लोकप्रिय गाणी ऐकवली. ज्या गाण्यांबरोबर स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी झाली, ती ऐकताना कपाळामागच्या मेंदूचा मधला भाग जास्त चेतला. स्वतःविषयीचा विचारही याच भागात चालतो. सूर आणि 'मी' यांची गाठ तिथे पडते. अशा गाठी सर्वांत जास्त पडतात त्या साधारण दहा ते तीस या वयात. त्या वयातलं संगीत म्हातारपणीही सर्वांत ठळक आठवतं.

२०१३ साली कॅरल क्रुमहान्सल यांनी (१९८४ च्या प्रयोगातल्या त्याच) विशीतल्या विद्यार्थ्यांना गेल्या पन्नासेक वर्षांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटणार हे अपेक्षित होतं. पण मागे जाताना ओढ सरळ कमी होत गेली नाही. त्यांचे आईवडील तरुण होते त्या वर्षांपाशी ती पुन्हा वाढली. आजी-आजोबांच्या तरुणपणापाशी आणखी एक उंचवटा दिसला. मुलांनी ती गाणी वारशानं घेतली होती, घरात, गाडीत, मागे वाजत असताना.

रामनवमीच्या मंडपात पंचविशीतली मुलंही शब्द पुटपुटतात ती यामुळे. १९५५ मध्ये त्यांचे वडीलसुद्धा जन्मले नव्हते. गीतरामायण त्यांना आजीकडून मिळालं, आणि आजीबरोबर यमन, भूप, मधुवंतीही नकळत मिळाले. मोबाइलवाल्या त्या पुतण्याचा हिशेबही आज पूर्ण होणार नाही. काका गळा दाटून ऐकतो आहे आणि तो शेजारी बसला आहे, एवढी नोंद त्याच्या मेंदूनं केलेली असते.

मग दुसऱ्याला ऐकवायचं कसं?

आवडतं गाणं दुसऱ्यालाही आवडावं ही इच्छा फार प्रबळ असते आणि तिचा मार्ग हमखास चुकतो. पंचेचाळीस मिनिटांच्या मारव्याची लिंक 'जरूर ऐका' म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली जाते. चार अंगठे येतात. ऐकत कुणीच नाही, आणि ऐकलं तरी, वर पाहिल्याप्रमाणे, आपला काटा त्यांच्यासाठी सपाट असणार. लिंकेतून पहिला थर जातो, दुसरा मागेच राहतो.

दुसरा थर पोचवायचे रस्ते मला तीन दिसतात. ओळखीच्या गाण्यावरून रागाकडे जायचं. आधी गीतरामायण, मग त्याच रागातली छोटी बंदिश, तीन-चार मिनिटांची. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तेवढीच जागा असे, आणि तेवढ्यात काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे गदगचा भीमसेन जोशी नावाचा मुलगा: अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असं गायला शिकायचंच म्हणून १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. दुसरं, एकदा ऐकवून थांबायचं नाही. आठवडाभर तेच, कामं करता करता, लक्ष देण्याची सक्ती न करता. तिसरं, बरोबर बसायचं. समेला आपली मान हलली की शेजाऱ्याला कळतं, इथे काहीतरी घडलं.

हे उलट्या दिशेनंही वापरता येतं, आणि घरात स्मृतिभ्रंश झालेलं वडीलधारं माणूस असेल तर जरूर वापरावं. अल्झायमरमध्ये बाकीच्या आठवणी पुसट होत गेल्या तरी ओळखीचं संगीत बरंच टिकून राहतं. २०१५ साली जर्मनी आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की जुनं संगीत ओळखताना मेंदूचे जे भाग चेततात, त्यांची झीज या आजारात तुलनेनं कमी होते. गाणी निवडायचा हिशेब वयाचा आहे. आज पंच्याऐंशी वर्षांची आजी साधारण १९५० ते १९७० या काळात दहा ते तीस वर्षांची होती. म्हणजे गीतरामायणाची वर्षं, राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाची, 'कट्यार काळजात घुसली'ची, वसंतरावांचं ते नाटक १९६७ चं. पण त्या वर्षांत दारव्ह्याच्या किंवा घाटंजीच्या घरात रेडिओ होता का, की फक्त मंडळाची खंजिरी होती, माहेरी नाटकवेडे मामा होते का, हे डॉक्टरांना ठाऊक नसतं. यादी घरच्यांनीच करायची, आणि आजीला अजून सांगता येतंय तोवर तिला विचारून.